मागच्या सीटवरची उशी

सोफ्याची तिसरी उशी हरवली होती. आता उशी म्हणजे काही कानातली कुडी नव्हे, की घरंगळून मोरीत जावी. कपाटामागे बघितलं, माळ्यावर बघितलं, शेजाऱ्यांना आडून आडून विचारूनही झालं. शेवटी सगळ्यांनी नाद सोडला. सोडला नाही तो फक्त घरच्या कर्त्या पुरुषाने. त्याला घरात 'संशोधक' म्हणत. कचेरीत तो अर्ज तपासणारा साधा कारकून, पण घरी बादली घ्यायची असली तरी त्याला आठवडाभर अभ्यास लागायचा.

सध्या मात्र उशीपेक्षा मोठं कोडं त्याच्यापुढे पडलं होतं. घरची जुनी गाडी खड्ड्यातून गेली की मागून 'खट्' असा आवाज यायचा. गॅरेजवाल्याने गाडी वर उचलून दाखवली. मागचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर तेलाने ओले झाले होते.

"हे संपले. दोन्ही एकदम बदला," गॅरेजवाला म्हणाला. "एकच बदललात तर गाडी लंगडेल. माल तुम्ही आणा, मी बसवून देतो."

कंपनीचा ओरिजिनल माल यंदा परवडणारा नव्हता. मग काय, संशोधकाने कंबर कसली. रोज जेवण झालं की तो मोबाइल घेऊन बसायचा. बाजारात केवढे प्रकार! दुसऱ्या चांगल्या कंपन्यांचे होते, कुणाच्या मोडीत निघालेल्या गाडीचे जुने होते, आणि अगदी स्वस्त, नावगाव नसलेलेही होते. या सगळ्यात त्याच्या मनात भरला तो एक लालभडक जोड. सोबत आखूड, कडक स्प्रिंगा. वापरणाऱ्यांनी कौतुकाचा पाऊस पाडला होता. 'वळणावर गाडी रस्ता सोडत नाही.' 'चालवताना मजा येते.' शिवाय बाजारातल्या एका दुकानात सवलतीत मिळत होता. तो खोका घरी आला, तेव्हा संशोधक एखादं बाळ घरी आणल्यासारखा जपून चालत होता.

"दिसतात छान," बायको खोक्यावरचं चित्र बघून म्हणाली. ती एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची, आणि कुठल्याही गोष्टीवर लगेच शिक्का मारायची तिला सवय नव्हती. "पण हे बसवल्यावर आई यायला लागतील का गाडीतून?"

"त्याचा याच्याशी काय संबंध?"

संबंध असेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्याची आई दर रविवारी गाडीत बसून शहराच्या दुसऱ्या टोकाला धाकट्या बहिणीकडे जायची. मावशीचं कमरेचं हाड मोडलं होतं, ती अंथरुणाला खिळलेली. दोघी बहिणी दुपारभर बोलत बसायच्या. पण हल्ली आई काही ना काही कारण काढायची. आज डोकं दुखतंय, आज कंटाळा आलाय. मावशी फोनवर विचारायची, "ताई माझ्यावर रागावली का रे?" संशोधकाला याचंही कोडं पडलं होतं, पण ते त्याने वयाच्या खात्यावर टाकलं होतं.

नवे शॉक बसवण्याआधी जुना आवाज रेकॉर्ड करून ठेवावा, म्हणजे नंतर फरक ताडून पाहता येईल, असं त्याच्या डोक्यात आलं. आवाज मागून येत होता, म्हणजे मागेच बसायला हवं होतं. मग गाडी कोण चालवणार? बायकोला चालवता येत होती, पण चावी तिच्या हाती क्वचित पडायची. त्या दिवशी पडली.

घर सोडून पहिलाच खड्डा आला आणि संशोधकाचं डोकं छताला लागता लागता राहिलं. दुसऱ्या खड्ड्याला पाठीच्या कण्यातून कळ गेली. गाडी खड्ड्यातून बाहेर पडली तरी मागची बाजू वरखाली होतच राहिली. पुढे बायको मात्र आरामात बसली होती.

"अगं, जरा हळू," तो म्हणाला.

"मागून बोलायचं नाही," ती आरशात बघून म्हणाली. "चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होतं. नियम कुणाचा आहे?"

नियम त्याचाच होता. गाडी घेतली त्या दिवशीच त्याने तो सगळ्यांना बजावला होता. इतक्यात तिसरा खड्डा आला आणि मोबाइल हातातून निसटून खाली पडला. वाकून पुढच्या सीटखाली त्याने हात घातला, तर हाताला काहीतरी मऊ लागलं. ओढून काढलं. सोफ्याची तिसरी उशी होती ती. मधोमध बसून बसून चपटी झालेली.

"ही इथे कशी?" तो म्हणाला. आणि विचारता विचारताच त्याला उत्तर कळलं. या जागेवर घरातलं एकच माणूस बसायचं.

घरी आल्यावर त्याने उशी आईपुढे ठेवली. आई जरा ओशाळली. "दुखायचं रे कमरेत. उशी घेऊन पाहिली, पण तिनेही भागेना. मग म्हटलं, घरीच बरं."

"मग सांगायचं नाही का मला?"

"गाडीत बोलायचं नाही, आणि घरी आल्यावर तू गाडीवर इतका खुशीत असायचास." आई हसली. "म्हटलं, पोराची हौस कशाला मोडा."

मावशीचा फोनवरचा आवाज संशोधकाला आठवला. दोन बहिणींची भेट तुटली होती आणि त्याला त्याची गंधवार्ता नव्हती.

बायकोने लाल जोडाच्या खोक्याकडे बोट दाखवलं. "तू इतकी मतं वाचलीस. त्यातलं मागे बसलेल्या एकाचं तरी होतं का?"

त्याने आठवून पाहिलं. एकही नव्हतं. सगळी चालवणाऱ्यांचीच होती.

"तेच म्हणते मी. गाडीचे मागचे शॉक हे मागे बसणाऱ्यांसाठी असतात, आणि निवडतो पुढे बसणारा. त्याला कुठलाच धक्का लागत नाही, म्हणून त्याला वाटतं, सगळं ठीक चाललंय. आणि मागच्यांनी बोलायचं नाही, हा नियमही त्याचाच."

दुसऱ्या दिवशी तो खोका घेऊन परत दुकानात गेला. सील तसंच होतं. "बाई, हे बसवल्यावर मागच्या माणसाला कसं वाटेल?" त्याने विचारलं.

दुकानवाल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "हे तुम्ही परवाच का नाही विचारलं? हे कडक आहेत, दणके जास्तच बसतील. घरची माणसं मागे बसत असतील तर मूळच्याच ताकदीचे घ्या, दुसऱ्या चांगल्या कंपनीचे. बिल आणि हमी बघून घ्या, बिननावाचं काही घेऊ नका. तुमच्या स्प्रिंगा धड असतील तर राहू द्या. सांध्यातले रबरी बुश तेवढे नवे टाका, खड्ड्यात खट् आवाज येत असेल तर तो त्यांचाच."

ते काळे, दिसायला अगदीच साधे शॉक लाल जोडापेक्षा स्वस्तच पडले.

रविवारी बायको गाडी चालवत होती आणि संशोधक मागे आईशेजारी बसला होता. गाडी एका मोठ्या खड्ड्यात उतरली आणि एकदाच हलून स्थिरावली. 'खट्' आवाज आला नाही.

"आई, दुखलं का?"

"नाही रे," आई म्हणाली. मग पुढे वाकली आणि सुनेला म्हणाली, "पण पुढच्या वळणाला जरा हळू घे हं."

नियम मोडला होता. सुनेने वेग कमी केला. मावशीच्या दारात पोहोचल्यावर आईने उशी त्याच्या हातात दिली. "घरी गेल्यावर सोफ्यावर ठेव."

सोमवारी कचेरीत संशोधकाला एक वेगळीच उत्सुकता लागून राहिली. तो उठला आणि आपल्याच टेबलासमोरच्या बाकावर जाऊन बसला. इतकी वर्षं लोक त्या बाकावर ताटकळत बसत आणि तो समोरून त्यांचे अर्ज तपासत असे. बाक डुगडुगत होता. एक पाय आखूड होता.

"कधीपासून हलतोय हो हा?" त्याने शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं.

"मी पहिल्यांदा आलो, तेव्हाही हलत होता," ते म्हणाले. "पण तुम्ही कामात असता. म्हटलं, कशाला बोला."

वाचकहो, आपणही कुठे ना कुठे पुढच्या सीटवर बसलेले असतो. कुणी घरात, कुणी कचेरीत, कुणी गावाच्या कारभारात. तिथून रस्ता नेहमी गुळगुळीतच वाटतो. म्हणून निर्णय घेण्याआधी एकदा मागे बसून पाहावं, आणि मागच्यांना बोलू द्यावं.

संशोधकाने खिशातून कागद काढला, घडी घातली आणि बाकाच्या आखूड पायाखाली सारली. मग नव्या बाकासाठी अर्ज लिहायला तो बसला. आपल्या खुर्चीत नाही, तिथेच, त्या गृहस्थांच्या शेजारी.