मयूरी छत्रीचे टाके

मनोरमाबाईंना नव्या छत्रीची गरज तशी कधीच नसायची. भाजीवाला सिल्व्हर पार्कातल्या त्यांच्या बिल्डिंगच्या दारात, देऊळ पलीकडच्या गल्लीत. याहून लांब त्या जातच नसत. तरी दर मे महिन्यात त्या मितेशच्या दुकानात जाऊन मयूरी कंपनीची एक लांब काळी छत्री घेत.

२००७ सालीही गेल्या. दुकानाबाहेर चिनी छत्र्यांचा ढीग पडला होता. रंगीबेरंगी, पर्समध्ये मावतील अशा, निम्म्या किमतीच्या.

"आंटी, इस बार ये ले लो ना," मितेश म्हणाला. "सब यही ले जाते हैं. मयूरी को कोई पूछता नहीं."

"सब लेते हैं इसलिए तो अपने लोगों का काम जाता है," मनोरमाबाई जरा मोठ्यानेच म्हणाल्या. शेजारच्या गिऱ्हाइकानेही ऐकावं असं त्यांना वाटत होतं. "मेरे को मयूरीच दे. भाईंदर में बनती है, मालूम है ना?"

मितेश हसला आणि त्याने आतून मयूरी काढून दिली.

मयूरी भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात बनायची. नवरा गेल्यावर मनोरमाबाईंनी तिथे बारा वर्षं छत्रीच्या काड्यांना कापड टाचलं होतं. मुलगा अभिनव नोकरीला लागला आणि त्याने हट्टाने त्यांना घरी बसवलं. पुढे त्याचीच बदली बंगळुरूला झाली, तिथेच त्याने संसार थाटला, आणि मनोरमाबाई घरी बसल्या त्या बसल्याच.

छत्री घरी आणली की त्या पलंगावर उघडायच्या आणि चष्मा लावून एकेका काडीवरचा टाका बघायच्या. गाळ्यातल्या प्रत्येक बाईचा टाका वेगळा होता. कुणी घाईघाईत तिरका घाली, कुणाचा सैल पडे. शेजारी बसणाऱ्या दुर्गाचा टाका घट्ट, वर दुहेरी गाठ. तो दिसला की मनोरमाबाईंना बरं वाटे. आहे, बसतेय अजून आपल्या जागेवर. मग दुपारभर त्यांना सोबत असल्यासारखं वाटत राही.

यंदाच्या छत्रीवर सगळे टाके एकसारखे होते. बारीक, सरळ, चकचकीत दोऱ्याचे. त्यांनी छत्री दोनदा फिरवून पाहिली. ओळखीचा एकही हात त्यात नव्हता. दुर्गाला काही झालं तर नाही ना, हा विचार मनात आला आणि रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या रिक्षा करून गाळ्यावर गेल्या. आत छतापर्यंत खोकी रचलेली होती. बायका बसायच्या तिथे छपाईचं छोटं मशीन होतं, आणि त्याच्यामागे जयकुमारशेठ एकटेच.

"अरे, मनोरमाबेन! या, या."

"शेठ, बायका कुठे आहेत?"

शेठनी मशीन बंद केलं. "दिवाळीलाच बंद केलं, बेन. चीनमधून तयार छत्री येते ना, ती मला नुसत्या कापडाच्या भावात पडते. आता आपण फक्त नाव छापतो. खूप ओढलं मी, पण नाही जमलं."

"मी कालच दुकानात भांडले तुमच्यासाठी," मनोरमाबाई म्हणाल्या.

शेठनी मान खाली घातली. चहा मागवतो म्हणाले. त्या चहाला थांबल्या नाहीत.

दुर्गा भाईंदर पश्चिमेकडच्या मुर्धा गावची. दर शिमग्याला ती घरी यायचं आवतण द्यायची, आणि मनोरमाबाई दर वेळी "येईन गं" म्हणायच्या. आज त्या पश्चिमेला जाऊन पहिल्यांदाच मुर्ध्याच्या बसमध्ये बसल्या. गावात विचारत विचारत घर सापडलं. दुर्गा अंगणात जवळा वाळत घालत होती. तिच्या डोक्यावर, बांबूला बांधलेली, फुलाफुलांची चिनी छत्री होती.

"दुर्गे, तूसुद्धा?" मनोरमाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

दुर्गाने वर पाहिलं. ती हसली नाही. "बाजारात उन्हात बसायला लागतं. मयूरी मला कवा परवडली न्हाय. शिवत होते तवाबी न्हाय. नि इतक्या वर्सांनी आलीस, ती ह्ये इचारायला?"

मनोरमाबाईंनी गडबडीने सगळं सांगितलं. दर वर्षीची छत्री, दुहेरी गाठ, ती दिसली की होणारा आनंद. "वाटायचं, तू बरी आहेस."

"गेल्या साली चैत्रात माझा नवरा गेला," दुर्गा म्हणाली. "बारावा झाल्यावर लगेच कामावर बसले. टाक्यात दिसलं का तुला?"

गेल्या वर्षीच्या छत्रीवर दुर्गाच्या गाठी भरपूर होत्या. त्या पाहून मनोरमाबाईंनी स्वतःसाठी शिरा केला होता. त्या उन्हात तशाच उभ्या राहिल्या.

बऱ्याच वेळाने दुर्गाने सूप त्यांच्याकडे सरकवलं. "बस. ह्यातला कचरा काढ."

दोघी जवळा निवडत बसल्या. हात चालू लागले तसं थोडं थोडं बोलणंही झालं. नवऱ्याचं दुखणं, सुनेचं बाळंतपण, गाळ्यातली कोण आता कुठे धुणीभांडी करते ते. उन्हं कलली तेव्हा दुर्गा टोपली भरून बाजाराला निघाली.

"परत येईन," मनोरमाबाई म्हणाल्या.

"तसं तू शिमग्यालाबी म्हणायचीस," दुर्गा म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिने टोपली डोक्यावर घेतली आणि ती चालू लागली.

संध्याकाळी अभिनवचा फोन आला. "आई, दिवसभर रिंग वाजतेय. होतीस कुठे?"

"मुर्ध्याला गेले होते. दुर्गाकडे."

"कोण दुर्गा?"

बारा वर्षं जिच्या शेजारी बसून डबा खाल्ला, तिचं नाव आपण घरी कधी काढलंच नव्हतं, हे मनोरमाबाईंच्या तेव्हा लक्षात आलं. कुठून सांगायला सुरुवात करावी ते त्या ठरवत होत्या, तेवढ्यात पलीकडून तो म्हणाला, "बरं, ऑफिसचा कॉल येतोय. रविवारी बोलू."

फोन बंद झाला. मनोरमाबाईंनी रिसीव्हर खाली ठेवला, आणि मुर्ध्याची पहिली बस किती वाजता असते ते विचारायला त्या खाली वॉचमनकडे गेल्या.