विसामला गाडीत बसवलं त्या दुपारी

माझ्या बापाने तीस वर्षं कुवेतमधल्या धनाढ्य बू धारींचे शिकारी ससाणे सांभाळले. पहाटे उठून कातडी हातमोजा चढवायचा, पक्षी मनगटावर घ्यायचा आणि त्याच्याशी आमच्याशी बोलला नसेल इतकं बोलायचा. बू धारींच्या बैठकीच्या दालनात दाराजवळची गादी त्याची. शेख, व्यापारी, कुणीही येवोत, ती जागा कुणी घेत नसे.

मी पक्ष्यांत रमलो नाही. मला विजेच्या तारा आवडायच्या. कुवेतच्या एका मोठ्या शोरूमच्या वर्कशॉपमध्ये मी नऊ वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं. आम्ही बिदून. जन्म इथला, आजा इथल्याच वाळूत पुरलेला, पण नागरिकत्वाचा कागद नाही. आमच्यासारख्याला कामावर ठेवणं म्हणजे उपकारच, आणि तिथला सर्व्हिस-प्रमुख विसाम तो उपकार आठवड्यातून एकदा तरी बोलून दाखवायचा.

त्या जुलैत बू धारींचा लाडका ससाणा, बर्ग, पंख झाडेनासा झाला. बापाने त्याला बू धारींच्या, आमच्याच शोरूममधून घेतलेल्या गाडीत घेतलं आणि पक्ष्यांच्या दवाखान्यात नेलं. बाहेर पन्नास अंश. गाडीचं इंजिन चालू, एसी चालू, डोळ्यांवर टोपी घातलेला बर्ग मागच्या सीटवरच्या अड्ड्यावर. इथे सगळेच तसं करतात. बाप नंबर लावायला आत गेला आणि चार मिनिटांत परत आला. इंजिन बंद पडलं होतं. चारही दारं आपोआप लॉक झाली होती. हातातली रिमोटची चावी दाबून दाबून बापाचा अंगठा सोलला, गाडीने ओळख दिली नाही. काच दुहेरी थराची. दगडाने, मग कुणाच्या तरी जॅकने बाप मारत राहिला, काचेवर जाळी पडली पण ती फुटली नाही. काचेपलीकडे बर्गने चोच उघडली, पंख पसरले. बापाला ते सगळं दिसत होतं. शेवटी दार उघडलं तेव्हा पक्षी अड्ड्यावरून खाली लोंबत होता.

विसाम दुसऱ्याच दिवशी बू धारींच्या बैठकीत गेला. म्हणाला, "गाडीत दोष नाही. गेल्या सर्व्हिसला खलफने तार चुकीची जोडली. त्याला काढून टाकलंय." गाडी वर्कशॉपच्या गारव्यात आणून दाखवली तर दारं लोण्यासारखी उघडत होती.

खलफ मीच. म्हणजे पक्षी नेला बापाने आणि गाडी बिघडवली मुलाने. बू धारींनी आरडाओरडा केला नाही. फक्त निरोप पाठवला की उद्यापासून येऊ नका. तीस वर्षांचं एवढंच झालं. बाप त्या हिवाळ्यात गेला. डॉक्टर हृदय म्हणाले. शेवटच्या महिन्यात तो रोज संध्याकाळी कपडे करायचा, उंबऱ्यापर्यंत जायचा आणि परत येऊन बसायचा.

त्याला माती दिल्यावर मी ठरवलं, विसामला सोडायचं नाही. त्याला मारायचं नव्हतं. त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

शुवेखच्या गॅरेजगल्लीत एका ओळखीच्या माणसाच्या दुकानात मला कोपरा मिळाला. त्याच कंपनीच्या गाड्या तिथे यायच्या, कारण शोरूमचे दर लोकांना परवडत नसत. तीन उन्हाळे मी तेच बघत राहिलो. समोरच्या काचेखाली, डॅशबोर्डच्या आत, दारांना आणि इंजिनाला हुकूम देणारा एक काळा डबा असतो. एकीकडून इंजिनाची धग, दुसरीकडून काचेतून येणारं ऊन. आतला एसी त्याच्यापर्यंत पोचत नाही. डबा एका हद्दीपलीकडे तापला की एका कोपऱ्यातला डाग, म्हणजे तार चिकटवणारं शिसं, केसाएवढा उकलतो. डबा बावचळतो. चावी ओळखत नाही, इंजिन बंद करतो आणि जाता जाता दारं अशी लॉक करतो की आतली मूठ फिरवून फिरवूनही काही होत नाही. गार झाला की डाग पुन्हा टेकतो आणि गाडी शहाण्यासारखी वागते. म्हणून वर्कशॉपमध्ये कधीच काही सापडत नसे. माझ्याकडे असे सात डबे जमले. सातही एकाच कोपऱ्यात उकललेले.

चौथ्या उन्हाळ्यात, जुलैतल्या एका शुक्रवारी नमाजानंतर मी मशिदीबाहेर बू धारींच्या गाडीजवळ उभा राहिलो. बर्गच्या बदल्यात कंपनीने दिलेली नवी गाडी, तेच मॉडेल.

"कोण?" त्यांनी डोळे बारीक केले.

"खलफ."

मी पिशवी उघडून डबे बॉनेटवर मांडले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"तू सांगतोस ते खरं कशावरून?"

"माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमची ही गाडी सोमवारी सकाळपासून पक्ष्यांच्या दवाखान्यासमोर उन्हात उभी करा. दुपारी विसामला बोलवा. म्हणावं, इंजिन चालू करून, एसी लावून आत बस. दोष नसेल तर थंडगार बसेल."

बू धारी म्हणाले, "माझ्या आजोबांच्या काळी माणूस खरं बोलतो की खोटं ते पाहायला त्याच्या जिभेला तापलेली पळी लावायचे. ये सोमवारी."

सोमवारी विसाम पांढऱ्याशुभ्र शर्टात आला. मला पाहून हसला. "अजून जिवंत आहेस होय रे? बरंय. शुवेखात पंक्चर काढतोस म्हणे."

"काढतो. गाडीत बस."

"हा काय फाजीलपणा, बू धारी? एवढ्यासाठी मला बोलावलंत?"

"माझ्या घरात तुमच्या कंपनीच्या बारा गाड्या आहेत," बू धारी म्हणाले. "त्यात माझ्या नातवंडांना बसवू की नको, ते तू मला दाखव. बस."

बारा गाड्यांच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायची विसामची छाती नव्हती. तो बसला, इंजिन चालू केलं, एसी लावला आणि काचेतून आम्हाला अंगठा दाखवला. सात-आठ मिनिटं तसाच फोनवर काहीतरी बघत बसला होता. मला वाटलं, फसलं.

मग इंजिन थांबलं आणि चारही दारांत एकदम खट् असा आवाज आला.

विसामने आधी बटण दाबलं, मग मूठ ओढली, मग दुसऱ्या दाराची. काचा हलल्या नाहीत. हॉर्न वाजला नाही. त्याने आमच्याकडे बघितलं तेव्हा त्याला सगळं कळलं होतं.

मला दार उघडायला वीस सेकंद लागतात. दाराच्या तळाला रबराचं बूच असतं. ते काढायचं, दोन तारा आत सरकवून लॉकच्या मोटरला बाहेरून छोटी बॅटरी लावायची. बॅटरी माझ्या पायाशीच होती. मी गुडघ्यावर बसलो, बूच काढलं आणि हात तिथेच ठेवला.

बू धारींचा फोन वाजला. आतून विसाम होता. त्यांनी आवाज मोठा केला.

"उघडायला सांगा याला. चटका बसतोय. श्वास घेता येत नाही."

"दोष आहे का गाडीत?" बू धारींनी विचारलं.

"नंतर बोलू, आधी—"

"आता बोल."

चार मिनिटं झाली होती. काळ्या सीटवर त्याला पाठ टेकवेना. शर्ट अंगाला चिकटला होता. पाचव्या मिनिटाला तो बोलला. "होय. डबा तापला की बिघडतो. बर्ग मेला त्याच्या दोन वर्षं आधीपासून माहीत होतं. वरून सांगितलं होतं, बोलायचं नाही. खलफने तार चुकीची नव्हती जोडली."

"मग त्याचंच नाव का घेतलंस?"

"त्याच्यामागे कोण उभं राहणार होतं, बू धारी?"

हेच ऐकायला मी चार उन्हाळे काढले होते. उघडायला हवं होतं. पण हात हलला नाही. मी उठून काचेला तोंड लावलं. "माझ्या बापाचं नाव घे."

"काय?"

"ज्याने इथेच उभं राहून काच फोडायला हात रक्ताळून घेतले, त्याचं नाव घे. मग उघडतो."

विसामचे ओठ हलले. त्याने आठवायचा प्रयत्न केला, अगदी मनापासून केला, ते मला दिसत होतं. त्याला ते कधी माहीतच नव्हतं. "तुझा बाप," तो म्हणाला. "तो म्हातारा. खलफ, भाऊ, मला खरंच माहीत नाही रे." मग त्याचं डोकं स्टिअरिंगवर टेकलं.

मी बघत उभा होतो. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू?

"उघड," बू धारी म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "हमदान. त्याचं नाव हमदान होतं. उघड आता."

मी खाली बसलो, तारा टेकवल्या. दार उघडलं. एकूण अकरा मिनिटं झाली होती. विसामला उचलून दवाखान्यात नेलं आणि जिथे ससाण्यांची नखं कापतात त्या टेबलावर आडवं केलं. पक्ष्यांच्या डॉक्टरने त्याच्या अंगावर थंड पाण्याचे टॉवेल टाकले, सलाईन लावलं. तासाभराने तो उठून बसला.

बाहेर सावलीत बू धारी म्हणाले, "तू उशीर केलास. हात मोकळा होता तुझा."

"हो."

"तो मेला असता."

"हो."

पोलिसात कुणी गेलं नाही. विसाम गेला असता तर त्यालाच सगळं पुन्हा सांगावं लागलं असतं. बू धारींनी त्याचं बोलणं फोनमध्ये रेकॉर्ड केलं होतं, ते त्यांनी कंपनीच्या मालकाला ऐकवलं. महिन्याभरात त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांचे डबे गुपचूप बदलून मिळाले. विसामची खुर्ची गेली. सध्या तो एका गोदामात सुट्या भागांची खोकी मोजतो, असं ऐकलं. माझ्या नावावरचा डाग पुसल्याचं कंपनीचं पत्र आलं. ते मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुझ्या बापाला ऐकू गेलं असतं तर बरं झालं असतं," आणि भाजी निवडत राहिली.

बू धारींनी तीनदा माणूस पाठवला. दाराजवळची गादी रिकामी आहे, ससाणे तू बघ, म्हणाले. मी तिन्ही वेळा नाही सांगितलं. विसाम परका होता. त्याने खोटं सांगितलं ते पोटासाठी. पण तीस वर्षं ज्याच्या हातची कॉफी प्यायली त्या माणसाला एक शब्द न विचारता दार बंद करणारे बू धारी होते, आणि ते मला विसरता येत नाही.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ते स्वतःच दुकानात आले. त्यांच्या गाडीच्या काचा वर-खाली होत नव्हत्या. माझ्यापुढे पाच गाड्या होत्या.

"खलफ, जरा बघतोस का पोरा?"

मी मान वर केली नाही. "नंबर आहे. बसा."

पत्र्याखाली प्लास्टिकची एकच खुर्ची होती, पंख्यापासून लांब. ऐंशीला टेकलेला तो माणूस तिच्यावर बसला, रुमालाने मान पुसत. मधल्या दोघांनी आपला नंबर त्यांना देऊ केला. त्यांनी हात हलवून नको म्हटलं. दोन तास बसले. मी प्रत्येक स्क्रू सावकाश फिरवला.