न वाजलेली खाट

मी एक खाट बोलतेय. झोपायची नव्हे, पाठीच्या तक्रारी ऐकायची. दारावरच्या पाटीवर 'कायरोप्रॅक्टर' असं लिहिलंय; ते वाचताना निम्म्या लोकांची जीभच लचकते, म्हणून सगळे आमच्या बाईंना मणक्याच्या डॉक्टरीणबाई म्हणतात.

कारखान्यातून निघाल्यापासून मला एकच धास्ती, माझा एखादा स्क्रू बसवायचा राहिला तर नसेल ना? कुणी पालथं झोपलं की माझाच जीव वरखाली होतो. तोंडासाठी मला एक भोक आहे. त्यातून माणसं फरशीकडे बघत बोलतात, आणि फरशीशी फार खरं बोलतात.

माझा मधला भाग बोटभर वर उचलला जातो आणि बाईंनी दाबलं की खट्कन खाली बसतो. लोकांना वाटतं, आपला मणकाच वाजला! "अहो, तो आवाज खाटेचा," बाई प्रत्येकाला सांगतात. पण ऐकतंय कोण? मेहनत माझी, कौतुक त्यांच्या हाडांचं.

चार महिन्यांपूर्वी एक तरुण आई आली, सोबत सासूबाई आणि त्यांच्या कडेवर दहा महिन्यांची मुलगी. कंबरेमुळे आईला लेकीला उचलताच येत नव्हतं.

"शेजारणीची पाठ म्हणे जिन्यापर्यंत ऐकू आली," ती म्हणाली. "माझीही तशीच वाजवा."

बाईंनी मला हातही लावला नाही. अर्धा तास नुसते प्रश्न! सासूबाई कंटाळल्या. "तुम्ही नक्की शिकलात तरी काय?"

बाई हसल्या. "सात वर्षं रुग्णालयात परिचारिका होते. रोग्यांना उचलून उचलून माझीच कंबर गेली, तेव्हा हे शिकायला निघाले. पाच वर्षं शिकले. हात लावायच्या आधी कान लावायचा, हा पहिला धडा."

मग त्यांनी आईला विचारलं, "चालताना काही वेगळं जाणवतं?"

"नाही हो. डावी चप्पल तेवढी निसटते. घरी सगळे हसतात, मीही हसते."

बाई हसल्या नाहीत. टाचांवर चालायला लावलं. उजव्या पायाची बोटं वर राहिली, डावी खाली लोंबली.

"मी आज काहीही दाबणार नाही. नस दबलीये. आजच्या आज शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडे जायचं. उद्या नाही."

"म्हणजे वाजवणार नाही?" सासूबाई कडाडल्या. "मग आलो कशाला?"

"हे कळायला, आजी."

बाईंनी तिथल्या तिथे फोन लावला, चिठ्ठी लिहिली. मी मात्र मनातून खट्टू झाले. वाटलं, माझ्यातच काही खोट असणार.

शस्त्रक्रिया झाली. पाऊल हळूहळू उचलू लागलं. मोठ्या डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ती पुन्हा आमच्याकडे येऊ लागली. गुडघे वाकवायचे, वजन छातीशी घ्यायचं, मग उठायचं. आधी उशी, मग तांदळाची पिशवी. "पिशवी लाथा मारत नाही, बाई," ती कुरकुरायची. लेक हातातून निसटेल ही तिची भीती मला ओळखीची होती.

आज बाईंनी लेकीलाच माझ्यावर बसवलं. आई पुढे आली, थबकली. "पडली तर?"

"मी आहे ना शेजारी. उचला."

तिने गुडघे वाकवले, लेकीला छातीशी घेतलं आणि उठली! सरळ! "जपून!" म्हणायला सासूबाईंनी तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. पोरीने आईचे केस मुठीत धरून अशी काही किलकारी मारली की बाहेर बसलेले रोगी उठून दाराशी आले.

"अगं, मी पण एकदा उचलू?" सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"थांबा आई. आत्ता नाही देणार."

माझ्यावरून फक्त नऊ किलो उतरले, पण मला वाटलं, जग मीच उचललंय.

आता बाई फडकं घेऊन माझ्यापाशी उभ्या आहेत. माझ्या रेक्झिनवर त्या पोरीच्या लाळेचा ओला डाग आहे. दर रोग्यानंतर मला पुसायचं, हा नियम मला मान्य आहे. पण बाई, एवढा एक डाग जरा वाळू द्या ना!