उसवलेला आवाज

स्टुडिओत तिला सगळे शिंपीणबाई म्हणत. चित्रावर आवाज शिवायचं तिचं काम. कपाची किणकिण कपाला, चाहूल पावलाला, शब्द ओठाला. टाका असा बारीक की शिवण दिसूच नये.

हे काम ती हौसेनं शिकली नव्हती. डूख धरून शिकली होती.

तिची ताई एकदाच सिनेमात नायिका झाली. पहिल्या खेळाला सगळं घर नटूनथटून गेलं. पडद्यावर ताईनं तोंड उघडलं आणि आतून भलतीच बाई बोलली. दिग्दर्शकानं, ज्याला सगळे साहेब म्हणत, ताईला न सांगता तिचा आवाज काढून टाकला होता. "चेहरा सोन्याचा आहे हो, पण गळ्यात पत्रा वाजतो," पुढच्या रांगेत साहेब शेजाऱ्याला हसत हसत सांगत होते. ताईनं ते ऐकलं. बाहेर लोकांनी तिच्या आवाजाचं कौतुक केलं, तेव्हा ती नुसती मान हलवत राहिली. ती सवय जडली ती जडलीच. तेव्हापासून घरात ती फक्त कुजबुजायची, तेही अगदीच नडलं तर. हसताना तोंडावर हात.

वर्षं गेली. साहेबांनी केसांना कलप लावला आणि स्वतःच नायक झाले. आवाज जुळवायचं काम आलं शिंपीणबाईकडे. ही कुणाची बहीण, हे साहेबांच्या गावीही नव्हतं.

तिला ठाऊक होतं, डोळा चित्र आणतो, कान आवाज आणतो. दोघं वेगळ्या वाटांनी येतात. मेंदू उंबऱ्यात उभा राहून त्यांची गाठ मारतो आणि म्हणतो, हा एकच माणूस. थोडा उशीर झाला तर आईसारखा पोटात घालतो. उशीर वाढला की मात्र गाठ बसत नाही. समोरचा माणूस नकोसा होतो, आणि का ते सांगता येत नाही. तिला तेवढंच हवं होतं. साहेबांचा आवाज त्यांच्या ओठांमागून, किंचित उशिरा. कुणाला बोट ठेवता येऊ नये, पण साहेब कुणाला आवडूही नयेत.

तिनं आवाज एक फ्रेम, म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग, मागे सरकवला. मग आणखी एक.

साहेब रोज येऊन बसत. पहिल्या खेळाआधी दुसऱ्या कुणी बघायचं नाही, असा त्यांचा हुकूम. स्वतःलाच बघून मांडीवर थाप मारत, "वा! काय बोललोय!"

पण तिला एक कोडं पडलं. आज डोळ्यांत खुपणारा उशीर दोन दिवसांनी खुपेनासा व्हायचा. ओठ आणि शब्द पुन्हा हातात हात घालून चालताना दिसायचे. हात कचरला की काय, म्हणून ती आणखी सरकवायची. पुन्हा तेच.

एकदा कँटीनवाल्या मावशी चहा घेऊन आत आल्या, पडद्याकडे बघून थबकल्या. "अगं बाई! साहेबांचं तोंड पुढे पळतंय आणि आवाज मागून धापा टाकत येतोय. भांडलेत की काय दोघं?"

शिंपीणबाईनं पडद्याकडे निरखून बघितलं. तिला तर ओठ आणि शब्द जुळलेलेच दिसत होते.

"मावशी, चष्मा बदला," साहेब म्हणाले. "मी रोज बघतोय. कसं चपखल बसलंय! काय हो, शिंपीणबाई?"

तिनं साहेबांकडे नीट बघितलं. ते खोटं बोलत नव्हते. रोज स्वतःला बघून बघून त्यांच्याही मेंदूनं ती खोट पचवली होती. तिच्यासारखीच. अजून सगळं जागेवर आणता आलं असतं.

"चपखल, साहेब," ती म्हणाली.

पहिल्या खेळाला थिएटर भरलं. आधी एक पोर खिदळलं, मग एक रांग. साहेब नायिकेचा हात धरून म्हणू लागले, "तुझ्यावाचून मी..." मागून कुणीतरी ओरडलं, "साहेब, तोंड मिटलं, आता आवाज सोडा!" मग जी हास्याची लाट उसळली ती थांबेचना.

शिंपीणबाईला पडद्यावर साहेब नीटच दिसत होते. सूड तिला नुसता ऐकू येत होता. तोही गोड लागत होता.

साहेब घामाघूम होऊन बाहेर आले. "बरोबर तर आहे सगळं! का हसताहेत हो?"

"काय सांगावं," ती म्हणाली. "गळ्यात पत्रा वाजत असेल."

साहेब तिच्या ओठांकडे बघतच राहिले. जसं काही त्या ओठांचं काहीतरी बिनसलं होतं. ते दचकून मागे सरले.

घरी ताईनं दार उघडलं. धाकटीनं चपला काढता काढताच सगळं सांगितलं: ते पोर, ती आरोळी, तो घाम. ताई हसली. तोंडावर हात न ठेवता, खळखळून.

हसू आधी ऐकू आलं. ओठ मागून उघडले.

रोजच्या उशिराला सरावलेल्या धाकटीच्या मेंदूला आता वेळेवर आलेला आवाजच घाईचा वाटत होता. दाटून आलेलं ते हसू ताईच्या तोंडाला लागेचना. पडद्यावरच्या भलत्या बाईसारखं ते शेजारी उभं राहिलं. तिनं डोळे घट्ट मिटले. मग मात्र ताई सगळीच्या सगळी तिथे होती. खरखरीत, जराशी पत्र्यासारखी.

"पुन्हा सांग ना," ताई मोठ्यानं म्हणाली. "घाम कसा पुसला मेल्यानं?"

डोळे न उघडता तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.