पंगतीतून उठणं

विजयाबाई न्हाणीघरात घसरून पडल्या आणि घरातली जमीनच त्यांची वैरीण झाली. निदान लेकाचं तसं म्हणणं होतं. अनिमेष नव्या राजधानीत सरकारी नोकरीला, तिकडेच फ्लॅट घेतलेला. त्यानं जुन्या शहरातल्या, बूढापाऱ्यातल्या आईच्या घरात जिथंतिथं खुर्च्या मांडल्या. पूजेला खुर्ची, अंघोळीला खुर्ची, भाजी निवडायलाही खुर्ची. खरं तर नुसता मुका मार होता. डॉक्टर म्हणाले होते, मांड्यांत ताकद आणा, रोज उठबस करा, म्हणजे पुन्हा पडणार नाही. अनिमेषनं त्यातलं पुन्हा पडण्याचं तेवढं ऐकलं.

"महालक्ष्म्या झाल्या की तुले फ्लॅटवर नेतो," तो म्हणाला. "इथं एकटी खाली बसली अन् उठता नाही आलं, तर?"

"अन् उठता आलं तर?"

"तर ऱ्हाय इथंच. पण नाही होणार आई, ज़िद मत कर."

विजयाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. दुपारी दार लोटून त्या दिवाणाशेजारी जमिनीवर बसल्या. उठताच येईना. रांगत उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि चक्क रडल्या. मग पदर खोचून परत दिवाणापाशी आल्या. त्यानंतर रोज तेच. एक गुडघा टेकवायचा, दुसरा पाय पुढं रोवायचा, दिवाण धरून वर यायचं. हळूहळू दिवाणाची गरज संपली, स्वतःच्या गुडघ्यावर हात पुरला.

महालक्ष्म्यांसमोरची पंगत त्यांच्याकडे जमिनीवरच बसते. सून इरावतीनं सासूबाईंसाठी कोपऱ्यात खुर्ची ठेवली होती. विजयाबाईंनी ती बाजूला सारली आणि पाटावर मांडी घातली. आईला सावरायला अनिमेष शेजारी बसला. आंबील झाली, पुरणपोळ्या झाल्या. ताटं रिकामी झाली तसे सगळे त्यांच्याकडेच पाहू लागले.

"हात लावू नको," त्या लेकाला म्हणाल्या. एक गुडघा टेकवून, दुसऱ्यावर हात रोवून विजयाबाई उभ्या राहिल्या.

उरला अनिमेष. डायनिंग टेबलावर जेवणारा गडी, पोटात पुरण, पायांना मुंग्या. जोर लावून पाहिला, परत पाटावर बसला. इरावती पदरात हसू लागली. त्यानं आईपुढं हात केला.

विजयाबाईंनी हात दिला नाही.

"गुडघा टेकव. दुसरा पाय पुढं घे. घाई काहून करून राहिला?" तो कसाबसा उठल्यावर त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "ते खुर्ची फ्लॅटवर घेऊन जाय. तुलेच लागन."