धामणीची गाठ

भिमाजी माझा सख्खा भाऊ, आणि त्याचं तोंड बघायची माझी इच्छा नव्हती. तरी आळेफाट्याच्या प्रशिक्षण केंद्रात मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो. मुलांना लाकूडकाम शिकवायला केंद्राला एकच माणूस ठेवायचा होता. उमेदवार आम्ही दोघे. आज त्याने धनुष्य करून दाखवायचं, उद्या मी. तो कुठे चुकतो, तेवढं बघायला मी आलो होतो.

आमचे वडील धामणीच्या लाकडाचं धनुष्य करायचे. रानडुकरं हाकायला पार येडगावपासून माणसं येऊन घेऊन जायची. वडील गेले आणि थोरलेपणाच्या नावाखाली हत्यारांची पेटी भिमाजीने उचलली. वर गावभर सांगत सुटला, धाकट्याला फक्त खुर्च्यांना खिळे ठोकता येतात.

आता वडिलांचाच तासायचा वाकस घेऊन स्वारी ऐटीत बसली होती. "मधी जाड ठेवायचं, टोकाकडं बारीक करीत जायाचं," मुलांना सांगत होता. हात चांगला चालत होता. हे कबूल करताना आजही जीव जळतो.

आमच्यातला एक निवडायला पुण्याहून आलेल्या तेजस्विनी मॅडम व्हिडिओ शूटिंग करत होत्या. "ती गाठ जरा वाईट दिसतेय," त्या म्हणाल्या. झालं. हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी. भिमाजीने दोन घावांत गाठ सपाट केली. वडील आम्हा दोघांना बजावायचे, गाठीभोवती लाकूड जास्तच सोडा. गाठ तासली की धनुष्य तिथेच मोडतं. खोटं कशाला बोलू, मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मी अवाक्षर काढलं नाही.

अंबाडीची दोरी चढली. कुणीतरी ओढून दाखवा, असं मॅडम म्हणाल्या. भिमाजी सरळ माझ्याकडे आला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चांगदेवा, तू वढ. पर निम्मंच. लाकूड अजून ओलं हाये."

त्याचं ऐकायला मी काय त्याचा गडी होतो? कानापर्यंत खेचलं. धनुष्य गाठीवरच मोडलं. ढलपी उडून शेजारी बसलेल्या अमृता नावाच्या मुलीची भुवई फुटली.

"यानं गाठ तासलीया," मी ओरडलो. "मला तवाच दिसलं व्हतं."

"मग ओढायच्या आधी का नाही बोललात?" मॅडमनी मुलीच्या भुवईवर रुमाल दाबला होता. "हिचा डोळा गेला असता. उद्या तुम्ही येऊ नका."

सगळे त्या मुलीभोवती जमले. भिमाजी वाकून तुकडे गोळा करत माझ्या पायाशी आला आणि मला एकट्याला ऐकू येईल इतक्या हळू बोलला, "गाठ तासली तवाच माजी चूक मला कळली व्हती. तू बोलणार न्हाईस, आन निम्मं म्हनलं की पुरतं वढशील, हे बी ठावं व्हतं."