अक्रोडाच्या फळ्या

त्सोन्कानं तळघरातून दुसरी पेटीही ओढत अंगणात आणली आणि लाकडं फोडायच्या ओंडक्याशेजारी धप्पकन सोडली. कुऱ्हाड घ्यायला ती वळली, तेवढ्यात पेंचो येऊन त्या पेटीवर बसला. पंचाहत्तरीचा तिचा नवरा, पायांत लोकरी मोजे, हाताची घडी छातीशी.

"ऊठ."

"नाही उठत. मिस्त्री येतोय."

"तुझ्यासकट फोडीन."

"फोड. सरपण जास्त होईल."

कंबरेइतक्या उंच, काळ्या रंगाच्या त्या दोन पेट्या अडतीस वर्षांपूर्वी घरीच बनल्या होत्या. पेंचो तेव्हा गावच्या सिनेमाघरात यंत्र चालवायचा. तिथले मोडीत काढलेले स्पीकर त्यानं आणून त्यांत बसवले होते. आता तळघराच्या ओलीनं लाकूड फुगलं होतं, पुढचं कापड उंदरांनी खाल्लं होतं. "बाबा, दुरुस्त करून घे ना," असं सोफियाहून लेक फोनवर म्हणाली, आणि चार दिवस घर धुमसत राहिलं.

कारण पेट्यांना लागलेल्या फळ्या पेंचोच्या नव्हत्या, त्सोन्काच्या वडिलांच्या होत्या. या डोंगरातली म्हातारी माणसं आपल्या शवपेटीच्या फळ्या जिवंतपणीच जमवतात आणि माळ्यावर ठेवतात. दुसऱ्याच्या फळ्यांना कोणी हात लावत नाही, चोरसुद्धा नाही. तिच्या वडिलांनी, ग्रुयो सुतारानं, अक्रोडाच्या आठ फळ्या वीस वर्षं सुकवल्या होत्या. तो गेला त्या दिवशी त्सोन्काची आई शिडीवरून माळ्यावर चढली. तिला दिसली ती फक्त धुळीत उमटलेली फळ्यांची जागा.

"मी घेतल्या," खाली उभा असलेला पेंचो म्हणाला होता. पुढे एक शब्द नाही.

ग्रुयोला सरकारी पेटीत पुरलं. भुसा दाबून केलेल्या फळकुटांची ती पेटी, आणि त्यातून आखूडही. उंच माणसाचे गुडघे वाकवावे लागले. ते त्सोन्कानं स्वतःच्या हातांनी वाकवले. गावानं तोंडावर म्हटलं, घरजावयानं सासऱ्याचं घर खाल्लं, आता शवपेटीही खाल्ली. त्या दिवसापासून या पेट्यांतून तिनं एक सूर वाजू दिला नव्हता.

फाटक वाजलं. लाझार मिस्त्रीनं पेटी पाहिली, पेटीवरचा पेंचो पाहिला, कुऱ्हाड पाहिली आणि टोपी काढली.

"मावशी, आधी बघू तरी द्या. फोडायची काय, संध्याकाळीही फुटेल."

"बघ. तुझं झालं की माझं."

लाझारनं मोकळी पेटी आडवी केली, बोटानं टकटक केली, वास घेतला.

"स्पीकर नवे मिळतील. कापड मिळेल. तळाचं कुजलेलं तेवढं कापून टाकू. पण सांधे बघायला हवेत. खिळे ठोकून उभी केली असेल, तर हिच्यामागे लागण्यात अर्थ नाही."

त्यानं कोपऱ्यावर पटाशी चालवली. काळ्या रंगाच्या साली गळून पडल्या. खाली अक्रोडाचा तपकिरी रंग उजळला आणि मग एकमेकांत अडकलेल्या बोटांसारखे दात दिसले. खिळा एकही नव्हता.

"हे कोणी केलं?"

"मीच की," पेंचो घाईनं म्हणाला.

"तुम्ही? काका, तुमचं कोंबड्यांचं खुराडं मी दोनदा सरळ केलंय."

त्सोन्काच्या ओठांवर टोमणा तयार होता. तो टाकायलाच ती जवळ गेली, वाकली, आणि टोमणा ओठांवरच राहिला. दात किंचित डावीकडे कलले होते. कडेचा शेवटचा दात इतरांच्या निम्मा होता.

लहानपणी ती पेन्सिल धरून बाकाशेजारी उभी असायची. डावखुरे बाबा न कंटाळता सांगायचे, "शेवटचा दात लहान ठेवायचा, बाळ. मोठा ठेवला की उन्हाळ्यात कोपरा उलतो. आधी नीट बघ, मग हात लाव, मग करवत."

तिनं त्या दातावर अंगठा ठेवला.

"हे बाबांचं काम आहे."

पेंचो मोज्याचा धागा ओढत राहिला.

"पेंचो!"

"त्यांना ऐकू येईनासं झालं होतं," तो म्हणाला. "शेवटच्या वर्षी. तुम्ही दोघी गिरणीत गेलात की मी रेडिओ लावायचो. एकदा त्यांनी माझ्या स्पीकरच्या खोक्यावर हात ठेवला. म्हणाले, हातातून ऐकू येतंय रे. पण हे खोकं खोटं बोलतंय, याला चांगलं लाकूड हवं. फळ्या त्यांनीच खाली काढल्या. मी नुसता धरायला होतो."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुझी आई म्हणायची ना, आपल्या फळ्या आपणच कापल्या की मरण बोलावलं. कोणाला सांगणार नाही असं त्यांनी वचन घेतलं माझ्याकडून. आणि पाच महिन्यांत गेलेच. तिला काय सांगणार होतो?"

"आई जाऊन एकोणीस वर्षं झाली!" त्सोन्काचा आवाज चिरकला. "त्यानंतरही एकोणीस वर्षं मी तुला चोर म्हणतेय! जेवताना म्हटलं, लेकीच्या लग्नात म्हटलं, पाहुण्यांसमोर म्हटलं!"

"तुला कोणावर तरी चिडायचं होतं. त्यांच्यावर चिडली असतीस, तर थडग्यावर जायची बंद झाली असतीस." पेंचोनं खांदे उडवले. "मी घरातच होतो. सोयीचा."

"सोयीचा!"

तिनं कुऱ्हाड भिरकावली. ती बादलीवर आदळली, कोंबड्या उधळल्या. "मूर्ख! दोघंही मूर्ख! एक मेला तो मेला, आणि हा इथे..." ती अंगणभर फिरली, परत आली. "मी त्यांचे गुडघे वाकवले. या हातांनी. त्यांनी स्वतःच लाकूड देऊन टाकलं होतं, आणि मी..."

लाझार पटाशी पुसत होता. ती केव्हाच पुसून झाली होती.

"ते बसायचे कुठे?" तिनं विचारलं. नवऱ्याकडे न बघता.

"जमिनीवर. डाव्या पेटीला पाठ टेकून, डोळे मिटून."

"डावी कुठली?"

पेंचो ज्या पेटीवर बसला होता तिच्यावरून उठला.

त्सोन्का गुडघ्यांवर हात देत खाली टेकली. त्यानं आधाराला हात पुढे केला, तो तिनं फटकारला. त्याच्याकडे पाठ करून ती लाकडाला रेलली. मुठी मांडीवर तशाच आवळलेल्या.

लाझारनं टोपी डोक्यावर घातली.

"मावशी, मग काय करायचं?"

"उजवीपासून सुरुवात कर," ती मान न वळवता म्हणाली. "ही आत्ता रिकामी नाही."